खोटं बोलणारी पट्टी

बाईंनी माझी खरी मुलाखत इराण्याच्या हॉटेलात घेतली. संस्थेतली रीतसर मुलाखत सकाळी झाली होती. टेबलापलीकडे चारपाच जण होते, त्यात एका टोकाला सुती साडीवर पुरुषी स्वेटर घातलेल्या एक बाई बसल्या होत्या. पूर्ण वेळ एक शब्द बोलल्या नाहीत. मी बाहेर पडले तर मागून आल्या आणि म्हणाल्या, "आत सगळे पाठ केलेलं बोलतात. चहा पितीस का?"

चिक्कडपल्लीला त्यांच्या घराजवळ ते हॉटेल होतं. चहा आला, बशीत बिस्किटं आली. बाईंनी एक बिस्किट अर्धं चहात बुडवलं, वर काढलं आणि आडवं धरून माझ्यासमोर नेलं.

"हे कधी तुटंल, सांग."

मला वाटलं, गंमत चाललीय. पण त्या गंमत करत नव्हत्या. मी म्हटलं, "चहा किती गरम आहे त्यावर आहे. आणि बिस्किट ताजं आहे की सादळलेलं, त्यावरही."

"आणि?"

"आणि तुम्ही असं आडवं धरलंत तर लवकर तुटेल."

तुकडा टेबलावर पडला. बाईंनी तो चमच्यानं उचलून खाल्ला. "उद्यापासून ये," म्हणाल्या, आणि उठून गेल्या. निरोप नाही, काही नाही. मी दोन्ही कप संपवून घरी आले आणि नवऱ्याला सांगितलं की नोकरी लागली, पण बाई जरा विचित्र आहेत.

आम्ही पुण्याहून नवऱ्याच्या नोकरीपायी हैदराबादला आलो होतो. इथं कोणाशी मराठी बोलायला मिळेल अशी आशा नव्हती. बाईंचं मराठी मात्र मला सुरुवातीला निम्मंच कळायचं. त्यांच्या वडिलांचं गाव नांदेडकडचं. निजामाच्या राज्यातली शेतकरी माणसं, ती हैदराबादला येऊन नोकरदार झाली. बाई जन्मल्या, वाढल्या इथंच. 'करायलीस', 'बसायलीस' असं त्या बोलत, मध्येच दख्खनी, आणि लॅबमधल्या पोरींना ओरडायचं असलं की तेलुगू. पहिल्या दिवशी मी त्यांना मॅडम म्हटलं तर म्हणाल्या, "मराठीत बोलायलो ना आपण? मग बाई म्हण." मला त्या शेवटपर्यंत 'पुणेवाली' म्हणत राहिल्या.

बाई रेशमावर काम करत. म्हणजे साडीच्या नव्हे. रेशमाचे कोष धुण्याच्या सोड्यात उकळायचे, त्यातलं प्रथिन वेगळं काढायचं आणि त्याची पातळ, पारदर्शक पट्टी करायची. पट्टी नखाएवढी. तिच्यावर केसाहून बारीक मॅग्नेशियमच्या रेघा. ही पट्टी म्हणजे सेन्सर. डोक्याला जबर मार लागला की मेंदूला सूज येते आणि कवटीच्या आत दाब वाढत जातो. तो किती वाढलाय हे डॉक्टरला सतत कळावं लागतं. त्यासाठी आज कवटीला छोटं भोक पाडून आत तार सोडतात. तारेचं एक टोक मेंदूपाशी, दुसरं बाहेर मशीनला. बाईंची पट्टी आत ठेवली की बाहेर तार नाही, डोक्यावरून मशीनचं नुसतं एक वेटोळं धरून आकडा वाचायचा. रोगी बरा होईपर्यंत पट्टीनं काम करायचं आणि मग शरीरातच विरघळून जायचं. काढायला पुन्हा ऑपरेशन नको. हे सांगताना बाई हाताची पाच बोटं जुळवून हळूच उघडत, जसं काही मूठभर पाणी सोडून दिलं.

कोष उकळायला लागले की सगळ्या मजल्यावर ओल्या लोकरीसारखा वास सुटायचा. शेजारच्या लॅबवाल्यांनी तक्रारी करून करून शेवटी नाद सोडला. बाईंना तो वास येतच नसे. घरीसुद्धा त्यांच्या गॅसपाशी काचेच्या बरण्यांतून मिठाच्या पाण्यात पट्ट्या तरंगत असायच्या, लोणच्याच्या बरणीला लागून. मी एकदा चुकून त्यातली एक बरणी उचलली. "ठेव, ठेव, ती आजारी आहे," असं त्या इतक्या काळजीनं म्हणाल्या की मी दचकून बरणी होती तशी ठेवली.

प्रयोगासाठी बकऱ्या होत्या. त्यांच्यावर शस्त्रक्रिया करण्याचं काम पशुवैद्यांचं. पण नंतर बकरीपाशी बसायच्या त्या बाई. प्रत्येक बकरीला त्या बेगम म्हणत. शेडमध्ये शिरताना पदर सारखा करत आणि म्हणत, "बेगमसाहेबा, सर दुखरा क्या जी?" बकरी कान हलवायची. बाई तेवढ्यावरून ठरवत की दुखतंय की नाही, आणि पशुवैद्याला औषध वाढवायला लावत. तो बिचारा सुरुवातीला वाद घालायचा.

त्यांच्याबरोबर रिक्षानं जाणं ही वेगळीच परीक्षा होती. सिग्नलला रिक्षा थांबली की त्या बाहेर वाकून शेजारच्या मोटारसायकलवाल्याकडे बघत. हेल्मेट डोक्यावर आहे पण हनुवटीखालचा पट्टा लोंबतोय असं दिसलं की छत्रीनं त्याच्या हेल्मेटवर टकटक करत. "ओ भई, पट्टा लगाओ. टोपी समझे क्या इसको?" बहुतेक जण निमूटपणे पट्टा लावत. एकदा एक जण भडकला. खाली उतरून तावातावानं बोलायला लागला. बाई रिक्षातून उतरल्या, त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि शांतपणे स्वतःच्या हातानं त्याचा पट्टा लावून दिला. मागे सगळा रस्ता हॉर्न वाजवत होता. तो माणूस गप्प झाला. त्यांचा चेहरा बघून झाला असेल.

त्यामागचं कारण मला लवकरच कळलं, कारण बाई ते लपवत नव्हत्या. उलट, सगळ्यांना सांगत. बाहेरून पाहुणे येवोत, मंजुरी देणारे अधिकारी येवोत, कॉलेजची मुलं येवोत, बाईंचं पहिलं वाक्य ठरलेलं असे: "माझं लेकरू तारेनं गेलं."

त्यांना एकच मुलगा. नवरा रेल्वेत होता, सिकंदराबादला. मुलगा लहान असतानाच नवरा वारला. मुलगा इंजिनिअरिंगला असताना मोटारसायकलवरून पडला. डोक्यात तार घातली. काही दिवस आकडे बरे होते, मग ताप चढला. तारेच्या वाटेनं जंतू आत गेले, असं बाई सांगत. कुठल्या दिवशी ताप किती होता, नर्सनं काय म्हटलं, आकडा कसा चढत गेला, हे सगळं त्या न चुकता, न थांबता सांगत. रडत नसत. ऐकणाऱ्यालाच कसंतरी व्हायचं. तोपर्यंत बाई कापडाच्या रसायनशास्त्रात होत्या, रेशमाला रंग कसा धरतो हे शिकवत होत्या. मुलगा गेल्यावर त्यांनी पन्नाशीच्या आसपास सगळं सोडून नव्या विषयाला हात घातला. पोरांच्या वर्गात बसून शिकल्या.

घरात मुलाचा फोटो नव्हता. मी कधी विचारलं नाही.

आम्ही कामाला लागलो आणि पट्टी खरंच चांगली जमत आली. एकामागून एक बकऱ्यांमध्ये ती नीट चालली, वेळेवर विरघळली. वर्तमानपत्रात बाईंच्या फोटोसकट बातमी आली. संस्थेत पेढे वाटले. माणसांवरच्या चाचणीसाठी परवानगीचा अर्ज तयार होऊ लागला.

आणि एका बेगमेला ताप आला.

साधा ताप होता, जखमेचा. पण तापानं अंगातलं पाणी बदलतं, आणि पट्टी अपेक्षेपेक्षा लवकर झिजायला लागली. नुसती झिजली असती, बंद पडली असती, तरी चाललं असतं. ती बंद पडली नाही. चुकीचा आकडा दाखवत राहिली. बकरीच्या कवटीतला दाब वाढत होता, हे आम्ही तपासणीसाठी लावलेल्या साध्या तारेवर दिसत होतं, आणि त्याच वेळी पट्टी सांगत होती की सगळं ठीक आहे.

बाई त्या दोन पडद्यांसमोर कितीतरी वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "ही खोटं बोलायली."

वरिष्ठांचं म्हणणं होतं, एवढ्या बकऱ्यांत एकच बिघडली, तेवढी नोंद करून अर्ज पुढे जाऊ द्या. बाईंनी अर्ज मागे घेतला. बैठकीत त्या एवढंच म्हणाल्या, "ताप आल्यावरच तर खरी गरज असते. तेव्हाच खोटं बोलणार असंल तर कशाला ठेवायची डोक्यात?" जी कंपनी पट्टी बनवायला घेणार होती ती हळूहळू फोन घेईनाशी झाली. आमच्यातले दोघं दुसरीकडे गेले. बाईंनी पुन्हा कोषापासून सुरुवात केली.

अशा दिवसांत एक गृहस्थ लॅबमध्ये आले. साठीच्या आतबाहेरचे, अंगावर चुरगळलेला सदरा, हातात ती जुनी बातमी घडी घातलेली. अफझलगंजला त्यांचं किराण्याचं दुकान होतं. मूळचे मराठी. बाईंचं आडनाव बातमीत वाचून त्यांना धीर आला असावा, कारण ते आले ते थेट मराठीतच बोलायला लागले.

"ताई, माझी पोरगी स्कूटीवरून पडली हो. बँकेत आहे. हेल्मेट होतं, पण पट्टा लावला नव्हता. डॉक्टर म्हणायलेत, डोक्यात तार घालावी लागंल. आजच. तुम्ही ते विरघळणारं बनवलंय ना? ते घाला. तार नका घालू देऊ."

बाई खुर्चीवरून उठल्या नाहीत. "ते अजून माणसाला घालता येत नाही, भाऊ. परवानगी नाही."

"मी सही देतो. काय होईल ते माझ्या डोक्यावर."

"परवानगी असती तरी नसती दिली. अजून चुकते ती. ताप आला की चुकते."

"बकरीला चुकली असंल. ह्यात लिहिलंय, तुमचं स्वतःचं..." त्यांनी बातमीवर बोट ठेवलं आणि त्यांचा आवाज चढला. "तुमचं लेकरू तारेनंच गेलं ना? आणि माझ्या लेकराला तीच तार घालू म्हणता? आज तुमचं लेकरू तिथं असतं तर?"

लॅबमध्ये सगळे थांबले. मी बाईंकडे बघू शकले नाही.

"माझं लेकरू असतं तरी नसती घातली," बाई म्हणाल्या.

ते गृहस्थ खाली बसले. अक्षरशः जमिनीवर, टेबलाला टेकून. बाईंनी मला पाणी आणायला सांगितलं. मी पाणी घेऊन आले तेव्हा बाई पर्स खांद्याला अडकवून उभ्या होत्या. त्या गृहस्थांचा हात धरून त्यांना उठवत म्हणाल्या, "चला. मी येते सोबत. तार घालू द्या. आपण तिच्यावर नजर ठेवू."

त्यानंतरचे काही दिवस बाई लॅबमध्ये आल्याच नाहीत. आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर त्या गृहस्थांच्या आणि त्यांच्या बायकोच्या मध्ये बसून राहिल्या. मी संध्याकाळी डबा घेऊन जायची. तिथल्या नर्सेसना बाईंनी जेरीला आणलं होतं. आत जाणाऱ्या प्रत्येकीला विचारायच्या, "हात धुतले का, अम्मा?" एका नर्सनं चिडून डॉक्टरकडे तक्रार केली. डॉक्टर तरुण होता. त्यानं बाहेर येऊन बाईंना बाजूला घेतलं, काय ऐकलं कोण जाणे, पण त्यानंतर तो स्वतः आत जाताना त्यांच्याकडे बघून दोन्ही तळहात वर करून दाखवायचा. बाई मान हलवायच्या. मुलीच्या आईला तेवढ्यातही हसू यायचं.

मुलीला ताप आला. त्या संध्याकाळी बाईंनी डब्याला हात लावला नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या, बोट पांढरं पडेपर्यंत. मुलीची आई त्यांना धीर देत होती, उलटंच सगळं. सकाळी ताप उतरला. तारेवरचा आकडा हळूहळू खाली आला. मग एके दिवशी डॉक्टरांनी तार काढली आणि दुपारी मुलीनं आईला हाक मारली. तहान लागली म्हणाली.

तिच्या वडिलांनी कॉरिडॉरमध्येच बाईंच्या पायावर डोकं ठेवलं. बाईंनी त्यांना उठवलं, पाठीवर थोपटलं, मुलीच्या आईला जवळ घेतलं. सगळं रीतसर केलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चल खाली."

लिफ्ट होती तरी त्या जिन्यानं निघाल्या. मधल्या वळणावर थांबल्या आणि पायरीवर बसल्या. मी शेजारी बसले. येणारे-जाणारे आम्हाला वळसा घालून जात होते.

"तीच तार गं," त्या म्हणाल्या. "तशीच. ताप पण आला. तरी वाचली पोरगी."

मी म्हटलं, "चांगलंच झालं ना, बाई."

"हौ. चांगलंच झालं." त्यांनी पर्स मांडीवर ओढली. "मला तेव्हाच सांगितलं होतं डॉक्टरांनी. मार फार होता म्हणाले. तार घातली नसती तरी नसता राहिला म्हणाले. मी ऐकूनच घेतलं नाही."

वरून कोणी उतरत होतं, मी पाय जवळ घेतले.

"मार लागला त्याला मी काय करणार होते? रस्त्याला काय करणार? तारेचं काहीतरी करता येण्यासारखं होतं. म्हणून तारेला धरून बसले." त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं पुसला. "नाहीतर एवढी वर्षं काय केलं असतं गं मी?"

मी त्यांचा हात धरला. तो हात सोड्यानं, रसायनांनी इतका खरखरीत झाला होता की साडीच्या पदराला अडकायचा. तेव्हा पहिल्यांदा त्या रडल्या. आवाज न करता, भिंतीकडे तोंड करून. एक सफाईवाली बादली घेऊन वर येत होती, ती दोन पायऱ्या खालीच थांबून राहिली आणि बाईंचं आवरेपर्यंत वर आली नाही.

मला वाटलं, आता बाई काम सोडतील. ज्या तारेच्या रागावर सगळं उभं होतं, ती तारच निर्दोष निघाली. दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये पोचले तर कोष उकळत होते आणि बाई ओरडत होत्या की सोडा कोणी कमी घातला. काम त्याच जोरात चालू राहिलं. फरक पडला तो एकच. पाहुणे आले, अधिकारी आले, तर बाई उभ्या राहून सरळ पट्टीबद्दल बोलायला लागायच्या. मुलाचं ते वाक्य त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. मग आजार निघाला, पोटाचा, आणि फार पुढे गेल्यावर निघाला. चिक्कडपल्लीच्या घरात त्यांची बहीण येऊन राहिली. मी दर रविवारी जायची. गॅसपाशी आता बरण्या नव्हत्या; औषधांच्या बाटल्या होत्या.

शेवटचा म्हणावा असा तो रविवार. त्या आठवड्यात आमच्या नव्या पट्टीची तापातली चाचणी झाली होती. ताप चढला, पाणी बदललं, आणि पट्टीनं खरा आकडा दाखवला. मी हे सांगायला धावतच गेले होते. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, अगदी लहान दिसत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. एकदोन प्रश्न विचारले, नेमके, जिथं आम्ही अजून अडकलो होतो तिथलेच. "बरं झालं," म्हणाल्या. "अजून पाचदहा वेळा बघा. घाई करू नका." एवढंच. मला वाटलं होतं, त्या हात धरतील, काहीतरी मोठं बोलतील. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या.

मग एकदम म्हणाल्या, "तो पालीला घाबरायचा, माहितीय का?"

मला क्षणभर कळलंच नाही कोण.

"एवढा धिप्पाड झाला होता. दारातून वाकून आत यायचा. आणि भिंतीवर पाल दिसली की माझ्या मागं लपायचा. मी त्याच्या छातीएवढी. माझ्या मागं काय लपणार?" त्या हसायला लागल्या. हसता हसता खोकला आला, बहीण धावत आली, पाणी दिलं, पण बाईंना थांबायचं नव्हतं. तो भात खायचा नाही म्हणाल्या, हैदराबादेत राहून भात खात नाही म्हणून मित्र चिडवायचे. भाकरी लागायची, तीही गरम, तव्याजवळ बसून. गाणं म्हणायचा आणि एकही सूर लागायचा नाही, शेजारीण खिडकी लावून घ्यायची. झोपेत दात खायचा. नवे बूट आणले की पहिले काही दिवस घरातच घालून फिरायचा, मळतील म्हणून. पहिली परीक्षा नापास झाला तेव्हा घरी आलाच नाही, हुसेनसागरच्या कट्ट्यावर बसून राहिला, आणि बाई शोधत गेल्या तर म्हणाला, आई, तू कशाला आलीस एवढ्या उन्हात.

इतकी वर्षं मी बाईंबरोबर काढली. त्या मुलाचा शेवटचा ताप मला तोंडपाठ होता. तो जिवंत असताना कसा होता, यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. बहीण दारात उभी राहून ऐकत होती. तिचा पदर तोंडाला होता. तिलाही बहुधा हे फार वर्षांनी ऐकायला मिळत होतं.

"कॉलेजातून आला की खालूनच हाक मारायचा," बाई म्हणाल्या. "फाटक उघडायच्या आधी. सगळ्या गल्लीला कळायचं. अशी हाक मारायचा..."

त्यांनी मान थोडी वर केली, तोंड उघडलं. मी वाट पाहत राहिले. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. ओठ हलले, घसा हलला, पण काही आलं नाही. त्यांनी तोंड मिटलं आणि माझ्याकडे बघितलं.

"आवाज तेवढा आठवेना झालाय गं," म्हणाल्या. "बाकी सगळं आहे."